पूल बंद कोणी करायचा?

अमेरिकेतला हूड कॅनॉलचा तरंगता पूल बुडाला तेव्हा त्याच्यावर एकही माणूस नव्हता. मला जे सांगायचंय ते खरं तर एवढ्यात सांगून झालं. पण हेच वाक्य एका लग्नाच्या मांडवात बोलून बघितलं, तर लोक म्हणाले, "मग काय झालं? बुडाला ना शेवटी?" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लग्न नंदुरबारच्या शहादा तालुक्यातलं, एप्रिलअखेरचं. वरात वेशीवर नाचत थांबलेली, पंगत लांबलेली, मांडवात पंखे गरम हवाच इकडून तिकडे ढकलत होते. भाच्याने मोबाइल पुढे केला. "मामा, हे बघा, पाण्यावर हायवे." पडद्यावर निळं पाणी, त्यावर सरळ रेघ ओढल्यासारखा रस्ता, गाड्या पळतायत आणि खाली खांबच नाहीत. अमेरिकेत सिएटल शहराला लागून लेक वॉशिंग्टन नावाचं लांबोडं तळं आहे, त्याच्यावरचा पूल. २०१६ साली खुला झाला. तरंगणारा भाग सुमारे २,३५० मीटर, खाली काँक्रीटचे ७७ पोकळ पेटारे, वर सहा पदरी रस्ता. जगातला सगळ्यात लांब तरंगता पूल हाच. भाच्याचा पुढचा प्रश्न तयारच होता: "आपल्या धडगावच्या पाण्यावर असा टाकायला काय होतं?"

धडगावचं पाणी म्हणजे नर्मदेवरच्या सरदार सरोवराचा फुगवटा. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यातली गावं या पाण्याने एकमेकांपासून तोडली. काही ठिकाणी समोर दिसणाऱ्या पाड्यावर जायला अर्धा दिवस डोंगर चढून-उतरून जावं लागतं, नाहीतर बोट. त्यामुळे भाच्याचा प्रश्न पोरकट नव्हता. आजूबाजूच्यांनी तो लगेच उचलला. कोणी म्हणालं निवेदन देऊ, कोणी म्हणालं अमुक साहेबांच्या कानावर घालू. कोपऱ्यात बसलेले एक म्हातारेबुवा तेवढे म्हणाले, "टाकी देतीन रे भो, पन त्याले सांभाळी कोन?"

मी स्थापत्याचा डिप्लोमावाला. पंधरा वर्षं साइटवर काढली, मग केळी-पपईकडे वळलो. एस्टिमेट, वर्क ऑर्डर, एम.बी. म्हणजे मोजमापाची वही, बिल या वाटेने किती पूल जाताना पाहिले. आणि म्हाताऱ्याच्या त्या एका वाक्यात जे होतं ते कुठल्याच एस्टिमेटात पाहिलं नाही.

आधी हा पूल तरंगतो कसा ते सांगतो. मामाने मला विहिरीत पोहायला शिकवलं तेव्हा पाठीला तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा बांधला होता. तोंडाला झाकण, झाकणाभोवती मेण. पहिले दोन दिवस डब्याच्या जोरावर मी स्वतःला पट्टीचा पोहणारा समजत होतो. तिसऱ्या दिवशी पायऱ्यांपासून चार हात गेलो आणि डावा खांदा खाली ओढल्यासारखा व्हायला लागला. हात मारतोय, तरी वाकडा होतोय. मामाने वरूनच ओळखलं आणि उडी मारली. बाहेर काढून डबा हलवला तर आत पाणी डुचमळत होतं. डबा फुटला नव्हता. पत्रा गंजला नव्हता. झाकणाच्या एका कडेचं मेण निघालं होतं, इतकंच.

तरंगता पूल म्हणजे असे डबे एकापुढे एक जोडलेले. काँक्रीट पाण्यात बुडतं हे खरं, पण आतून पोकळ पेटारा केला आणि त्याने स्वतःच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारलं की तो तरंगतो. एका पेटाऱ्यात अनेक कप्पे असतात. कप्प्यात उतरून पाहणी करता यावी म्हणून वर झाकणं असतात. पेटारे वाहून जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी पोलादी दोर तळातल्या नांगरांना बांधलेले. सगळा पूल म्हणजे दावणीला बांधलेलं जनावर. थोडं इकडे, थोडं तिकडे सरकणार, ते गृहीतच धरलेलं.

वारा सुटला की काय होतं? नुसता वारा बाजूने रेटतो, तो रेटा दोर बरेचसे पेलतात. खरा मार लाटांचा. लाटा उठायला वाऱ्याला पाण्यावर लांबवर मोकळं रान लागतं आणि वेळ लागतो. तास-दीड तास एकाच दिशेने वारा लागला आणि पाणी लांबच लांब असलं, की लाट पुलाच्या अंगावर येते. पेटारे वर-खाली होतात, पिळतात, वाऱ्याकडच्या बाजूचे दोर ताणतात, पलीकडचे ढिले पडतात. पूल पाण्याला टेकूनच असल्याने लाट वर चढते. झाकण कुठे सैल असेल तर पाणी आत. आत गेलेल्या पाण्याने पेटारा थोडा खाली बसतो. खाली बसला म्हणून पुढची लाट आणखी सहज चढते. माझ्या डाव्या खांद्याची गोष्ट, फक्त काँक्रीटमध्ये.

आता हूड कॅनॉल. नाव कॅनॉल असलं तरी ती वॉशिंग्टन राज्यातली समुद्राची लांबट, दक्षिणोत्तर आत घुसलेली फांदी आहे. भरती-ओहोटीला पाणी साधारण पाच मीटर वर-खाली होतं. १९६१ साली तिथे तरंगता पूल झाला. १२ फेब्रुवारी १९७९ च्या रात्री दक्षिणेकडून वादळ आलं. सलग वारा ताशी १३७ किलोमीटरच्या घरात, झोत १९३ पर्यंत. मधला भाग जहाजांसाठी सरकवून उघडता येणारा होता. तो उघडून वाऱ्याला वाट करून दिली. रात्रीच वाहतूक थांबवली. पुढे पुलावरच्या कर्मचाऱ्यांनाही उतरवलं. १३ तारखेच्या सकाळी सातच्या सुमाराला पश्चिमेकडचा अर्धा पूल तळाला गेला. वाऱ्या-लाटांनी झाकणं उघडी पाडली आणि पेटाऱ्यांत पाणी भरलं असावं, असं नंतर मानलं गेलं. पूल पुन्हा सुरू व्हायला १९८२ चा ऑक्टोबर उजाडला. साडेतीन वर्षं लोकांनी फेरीबोटीने किंवा लांबच्या वळशाने दिवस काढले.

अठरा वर्षांचा पूल बुडाला म्हणजे इंजिनिअर हरले, हे कबूलच आहे. पण त्याच रात्री कोणीतरी एक माणूस जिंकलासुद्धा. त्या माणसाने अंधारात, पावसात, अजून पूल धडधाकट दिसत असताना, "आता एकही गाडी जाणार नाही" असं म्हटलं. आणि ते ऐकलं गेलं, कारण ते म्हणायचा त्याला अधिकार होता. आजही तिथे नियम आहे: सलग वारा ताशी ६४ किलोमीटरला पोचून पंधरा मिनिटं टिकला की पूल बंद, मधला भाग उघडा. मंत्र्याला फोन नाही, मुख्यालयाच्या पत्राची वाट नाही.

तिथलेही लोक चुकतात. सिएटलजवळच्याच दुसऱ्या तरंगत्या पुलाची, लेसी मरो पुलाची गोष्ट मला हूड कॅनॉलपेक्षा जास्त आपली वाटते. १९४० सालचा जुना पूल. १९९० मध्ये त्याचं नूतनीकरण चाललं होतं. पाण्याच्या प्रचंड दाबाच्या फवाऱ्याने काँक्रीट फोडत होते. ते गढूळ पाणी तळ्यात सोडायला पर्यावरणाच्या नियमांनी मनाई, म्हणून कंत्राटदार ते पुलाच्याच पेटाऱ्यांत साठवत होता. कामासाठी पेटाऱ्यांना भोकंही पाडलेली होती. मध्येच थँक्सगिव्हिंगच्या सुट्ट्या आल्या. आपल्याकडे दिवाळीत साइटवर काय असतं? एक वॉचमन, एक कुत्रं आणि ताडपत्री उडालेली सिमेंटची थप्पी. तिथेही तसंच. त्या तीन-चार दिवसांत वादळी पाऊस झाला, भोकांतून पावसाचं आणि तळ्याचं पाणी आत गेलं आणि २५ नोव्हेंबरला पूल टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर एकेक पेटारा करत बुडाला. जाता जाता शेजारच्या नव्या पुलाचे नांगर-दोरही तोडून गेला. वारा काही जगावेगळा नव्हता. दारं उघडी होती.

पूल वादळाने मोडला की माणसं वादळावर चिडतात, हेही जुनंच आहे. इसवी सनापूर्वी ४८० च्या सुमाराला इराणच्या झर्क्सिस राजाने ग्रीसवर स्वारी करताना सामुद्रधुनीवर पूल बांधवला, तो वादळात मोडला. पुढचा पूल त्याने नावा एकमेकींना बांधून केला, पण त्याआधी समुद्राला तीनशे फटके मारायचा हुकूम दिला आणि पूल बांधणाऱ्यांची मुंडकी उडवली, असं जुना ग्रीक इतिहासकार सांगतो. चौकशी समिती न नेमता कारवाई झाल्याचं हे बहुधा पहिलं आणि शेवटचं उदाहरण.

आपल्या देशाला तरंगता पूल नवा नाही. हावड्याला आजचा पोलादी पूल १९४३ सालचा. त्याआधी सत्तरएक वर्षं हुगळीवर तरंगता पूलच होता. तो पुरा होता होताच, १८७४ च्या मार्चमध्ये, चक्रीवादळात दोर तुटलेली एक आगबोट त्याच्यावर आदळली आणि तीन पेटारे बुडाले. तरीही तो पुरा केला आणि पुढे चालवला. जहाजांना वाट द्यायला तो मधून उघडावा लागे, त्यामुळे त्याच्यावर माणसं कायम कामाला होती. उत्तर प्रदेश-बिहारमध्ये गंगेवर पिपा पूल दरवर्षी उभारतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर, जूनच्या मध्याला, उचलून ठेवतात. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात असे तीस पूल होते. म्हणजे पूल बंद करणं आपल्याला अगदीच जमत नाही असं नाही. कॅलेंडर बघून बंद करणं जमतं. आभाळ बघून बंद करणं जमत नाही.

आणि खानदेशातलं वादळ कॅलेंडर पाळत नाही. पिपा पूल काढायची तारीख उजाडायच्या आत, वैशाख-ज्येष्ठातच आपलं वावधान येऊन जातं. मृगबागेच्या केळीला घड लागलेले असतात, झाड डोक्याने जड झालेलं असतं. चार वाजेपर्यंत पान हलत नाही. मग सातपुड्याच्या बाजूने आभाळ शिसवी होतं, धुळीची भिंत दिसते, गोठ्यावरचे पत्रे आधी कुरकुरतात, मग उडतात. वीस मिनिटांत सगळं शांत. बांधावरची शेवरी एका अंगाला कललेली, आणि आत गेलं की झाडं एकाच दिशेला आडवी, जणू कोणी कंगवा फिरवलाय. घडातून चीक गळत असतो. त्या वेळी शेतात कोणी बोलत नाही, फक्त पाय पडला की पानं चरचरतात. रावेर-यावल असो, चोपडा असो की आमचा शहादा, ज्याने बाग लावली त्याने हे एकदा तरी पाहिलंय.

यात माझ्या मुद्द्याला धरून दोन गोष्टी आहेत.

पहिली अशी, की आपण वारा मोजतो. महसूल मंडळाच्या गावी स्वयंचलित हवामान केंद्राचा खांब असतो, वर फिरत्या वाट्या असतात. फळपीक विम्यात केळीसाठी वाऱ्याचा वेग हा एक निकष आहे. वादळ झालं की दुसऱ्या दिवशी सगळा तालुका विचारतो, खांबाने किती दाखवला? खांब एका गावात, केळी दुसऱ्या गावात आडवी, मग वाद, पंचनामे, अर्ज. मी स्वतः त्या रांगेत उभा राहिलोय, म्हणून त्या आकड्याला नावं ठेवत नाही. पण आपल्याकडे वारा मोजतात तो भरपाई द्यायची की नाही हे ठरवायला, झालेल्या नुकसानीनंतर. येणाऱ्या वाऱ्यासाठी कोणाला तरी थांबवायला म्हणून वारा मोजणारा एकही माणूस मला खानदेशच्या या तीन जिल्ह्यांत भेटलेला नाही. तापीवरच्या सारंगखेड्याच्या पुलावरून मी आयुष्यभर जातोय. वावधानात तिथे मोटारसायकलवाले कठड्याला धरून उभे राहतात, रिकाम्या क्रेटची पिकअप डुलत जाते. पुलाच्या तोंडाशी उभं राहून "थांबा दहा मिनिटं" म्हणणारा कोणी नसतो.

दुसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण नक्कल करणाऱ्यांनी कान देऊन ऐकावी अशी. हूड कॅनॉलचा पंधरा मिनिटांचा नियम तिथल्या वादळासाठी आहे. तिथलं वादळ समुद्रावरून येतं, आधी कळतं, तासन् तास चालतं. आपलं वावधान पंधरा मिनिटांत येऊन काम उरकून जातं. "सलग पंधरा मिनिटं" मोजत बसलं तर नियम लागू होईस्तोवर मोटारसायकल पाण्यात. उलट, एवढ्या थोड्या वेळात डोंगरांच्या घळईत मोठ्या लाटा उठायला वेळच मिळत नाही, त्यामुळे पुलाच्या पेटाऱ्यांना इथे धोका कमीच. इथला धोका पुलावरच्यांना. म्हणजे तिथला नियम जसाच्या तसा उचलून मराठीत छापून चालणार नाही. इथे आभाळ काळवंडलं की बंद करावा लागेल, वारा सुटायच्या आधी. म्हणजेच निर्णय आकड्याने कमी, माणसाच्या नजरेने जास्त. आणि माणूस नाही, तिथे येऊन आपण अडतो.

भाच्याला मी पाण्याचा हिशेबही करून दाखवला, कारण तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला आकडेच पटतात. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. नियोजित किमान पातळी ११०.६४ मीटर. फरक २८ मीटर. हूड कॅनॉलला पाच मीटरची भरती सांभाळताना दोन्ही टोकांना वर-खाली होणारे जोडपूल लागतात. आपल्या पाण्यात पूल सप्टेंबरात ज्या उंचीवर असेल, त्याच्या आठ-नऊ मजले खाली तो जास्तीत जास्त जाऊ शकतो. गाडी चढेल असा विसाला एक उतार धरला, तर २८ मीटरसाठी ५६० मीटर लांबीचा उतार हवा, तोही पाण्याबरोबर सरकणारा, तोही दोन्ही काठांना. आणि काठ म्हणजे काय, सातपुड्याची उभी कातळं. भाचा कॅल्क्युलेटर काढून ताडून बघत होता. "मग मामा, उतारच पुलाएवढा होतो की." होतोच. मोठ्या प्रवाहावर तर आणखी एक गंमत: नर्मदेच्या या काठाला महाराष्ट्र, त्या काठाला कुठे मध्य प्रदेश, कुठे गुजरात. पूल बंद करायचा तर कोणत्या राज्याच्या माणसाने? वारा सुटल्यावर समन्वय बैठक घ्यायची का?

डोंगरांच्या खोबणीत शिरलेलं जे अरुंद पाणी आहे, एकाच तालुक्यातल्या दोन पाड्यांना तोडणारं, तिथे गोष्ट वेगळी. तिथे लहान, हलका, पायी आणि मोटारसायकलपुरता तरंगता पूल करता येईल असं मला वाटतं. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने त्यात अशक्य काही नाही. पातळीबरोबर टोकं सरकवावी लागतील, वर्षातून अनेकदा. दोर सैल-घट्ट करावे लागतील. झाकणं तपासावी लागतील, प्रत्येक कप्प्यात उतरून, विजेरी घेऊन. म्हणजे पुन्हा तोच माणूस.

तो माणूस एस्टिमेटात का नसतो हे साइटवर राहिलेल्याला विचारा. आपल्या व्यवस्थेत जे मोजता येतं त्याचंच बिल निघतं. घनमीटर काँक्रीट मोजता येतं, मेट्रिक टन लोखंड मोजता येतं. एम.बी.मध्ये रोज सकाळी झाकण दाबून पाहणाऱ्या हाताची नोंद कुठल्या रकान्यात करणार? दोषदायित्वाचा काळ असतो तोवर कंत्राटदार कागदावर जबाबदार, तो संपला की पूल पोरका. पक्का पूल हे पोरकेपण वर्षानुवर्षं सहन करतो, कारण दगडाला आणि काँक्रीटला दम असतो. तरंगता पूल एक पावसाळासुद्धा सहन करणार नाही. तो बांधून संपत नाही. बोटीसारखा रोज चालवावा लागतो. ज्यांना नारळ फोडून मोकळं व्हायची सवय आहे, त्यांच्या हाती अशी वस्तू देताना मला भीती वाटते.

बांधण्यात आपण कमी नाही, हे मात्र कोणी नाकारू नये. महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. त्याच्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. अभिमानाचीच गोष्ट. पण त्या रात्री काय झालं? नदी फुगलेली, काळोख, मुसळधार पाऊस, आणि मुंबई-गोवा महामार्ग चालू. दोन एसट्या आणि इतर गाड्या नसलेल्या पुलावर गेल्या. पूल गेलाय हे जवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं आणि त्याने धावत जाऊन पुढच्या गाड्या थांबवल्या. त्या रात्री महाराष्ट्रातला एक राष्ट्रीय महामार्ग बंद केला तो एका गॅरेजवाल्याने. त्याचं ते काम नव्हतं. ज्याचं होतं असा कोणी नेमलेलाच नव्हता.

१५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, चार माणसं गेली. पूल धोकादायक असल्याचा फलक लावलेला होता. रविवार होता, पाऊस छान होता, गर्दी होती. फलक आपलं काम करून उभा होता. फलकाला हात नसतात.

या दोन घटना आणि हूड कॅनॉल शेजारी ठेवले की मला एकच दिसतं. आपण प्रत्येक दुर्घटनेनंतर पुलाची चौकशी करतो: किती जुना, किती गंजलेला, ऑडिट झालं होतं का. तो प्रश्न बरोबर आहे, पण दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की तो पडला तेव्हा त्याच्यावर माणसं का होती?

आता माझ्याच अंगावर येणारा आक्षेप. धडगावच्या एका शिक्षकमित्राने तो तोंडावर ऐकवला. "तुम्ही शहाद्यात बसून वाऱ्याचे नियम सांगा. आमच्याकडे पूल नाहीच, तेव्हा रोजचीच जोखीम आहे. २०१९ च्या संक्रांतीला भुषाजवळ बोट उलटली, लेकरं गेली, तेव्हा वारा मोजायला कोण होतं? २०२० मध्ये आमच्याकडची अंगणवाडीची बाई अठरा किलोमीटर स्वतः नाव वल्हवत पाड्यांवर पोषण आहार पोचवत होती, तिला कोणता नियम लावणार?" त्याला उत्तर नाही. धोकादायक पूल आणि पूल नसणं यांत कमी धोकादायक काय, हे पाण्याच्या त्या बाजूला राहणाऱ्यानेच ठरवायचं. बंद पूल हीसुद्धा इजाच असते. पलीकडे बाळंतपण अडलंय आणि अलीकडे मी आभाळाकडे बोट दाखवतोय, असा प्रसंग येणारच. दर वेळी मी बरोबर असेन असंही नाही.

म्हणून माझी मागणी पूल नको अशी नाही. बोट आज आहे, पूल उद्या-परवा होईल की नाही माहीत नाही. तर सुरुवात बोटीपासून करा. प्रत्येक घाटावर वाऱ्याच्या वाट्यांचा एक साधा खांब, एक लाल निशाण, आणि निशाण चढवायचा पूर्ण अधिकार असलेला, गावातलाच, पगारी माणूस. त्याने निशाण चढवलं की बोट सुटणार नाही. तहसीलदार आले तरी नाही, पुढारी आले तर मुळीच नाही. बंद काळातली बोटवाल्याची मजुरी सरकारने द्यायची. अडलेल्या पेशंटसाठी घाटावर खोली, औषध, फोनला रेंज. हे खर्चाला पुलाच्या पासंगालाही पुरणार नाही. दोन उन्हाळे हे चालवून दाखवा. निशाण चढतं का, चढलेलं पाळलं जातं का, मजुरी वेळेवर मिळते का. मिळाली, तर तरंगता पूल मागायला मी स्वतः मोर्चात पुढे राहीन, भाच्याला डिझाइन करायला लावीन. नाही चाललं, तर तोच बेवारसपणा काँक्रीटच्या पेटाऱ्यावर नेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

"एक निशाण चढवायला एवढं काय?" असं वाटत असेल, तर गेल्या वर्षीचा मे महिना सांगतो. मोलगीकडून उतरून मी एका घाटावर पोचलो होतो. नात्यातलं काम होतं, पलीकडे जायचं होतं. बोटीत पंचवीसेक माणसं, दोन शेळ्या, तेलाचे डबे, एक नवी शिलाई मशीन. चार वाजले असतील. पाणी आरशासारखं. बोटवाला तरुण पोरगा, इंजिनाची दोरी हातात धरलेला. त्याने दोनदा डोंगराच्या खांद्याकडे बघितलं आणि दोरी सोडून दिली. म्हणाला, "आता नाही नेत. नंतर."

पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. लोक आधी विनवण्या करत होते, मग चिडले. बाजार करून आलेल्या बायांना अंधाराच्या आत पाड्यावर पोचायचं होतं. एकाने आईवरून शिवी दिली. शिलाई मशीनवाला म्हणाला, पैसे परत दे. मीसुद्धा, खोटं कशाला सांगू, घड्याळाकडे बघून तोंड वाकडं केलं. पोरगा खडकावर बसून राहिला. खाली बघत, पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत.

वारा आला नाही. आभाळ पूर्वेकडे सरकलं, दोन थेंब पडले, ऊन परत आलं. सव्वापाचला त्याने दोरी ओढली. तोवर अर्धी माणसं डोंगराच्या वाटेने निघून गेली होती आणि मशीनवाल्याने पैसे परत घेतले होते. पलीकडे उतरताना मी त्याला विचारलं, आजचं किती नुकसान झालं? त्याने बोटांवर मोजलं, डिझेल धरून चारशेच्या वर. मी त्याला माझे भाड्याचे तीस रुपये दिले. सुटे नव्हते म्हणून दहा त्याच्याकडेच राहिले.